शेजारी जेव्हां पंच होतो

या सदरांत आम्ही बहुधा घरांतले, ग्रंथांतले किंवा शाळेंतले विषय घेतों. दूरदेशींच्या राजकारणांत आम्हांस विशेष गति आहे असें नाहीं. परंतु गेल्या पंधरवड्यांत एका प्रश्नानें आमची झोंप उडविली, आणि प्रश्न विचारणारी व्यक्ति घरचीच असल्यामुळें तो टाळणें शोभलें नसतें. आमच्या धाकट्या बंधूंची नात पुण्यास कॉलेजांत राज्यशास्त्र शिकते. ती सुटींत घरीं आली असतां एके रात्रीं जेवणें आटोपून मंडळी ओसरीवर बसली होती, तेव्हां तिनें हातांतली वही पुढें केली. “अण्णाआजोबा, मला निबंध लिहावयाचा आहे. एखाद्या देशांत यादवी माजली म्हणजे ती शमविण्याचें काम संयुक्त राष्ट्रसंघानें करावें, कीं त्या प्रदेशांतल्याच राष्ट्रांच्या संघटनेनें करावें? पुस्तकांत लिहिलें आहे कीं शेजारीं राहणारीं राष्ट्रेंच अधिक योग्य, कारण त्यांना सारें ठाऊक असतें. मला तें पटत नाहीं. आग लागली म्हणजे पहिला शेजारीच धांवतो हें खरें. पण आग लावणारी काडी त्याच्याच पेटींतली असली तर?”

मंडळींस हंसूं आलें; आम्हांस आलें नाहीं. कारण जवळजवळ असाच प्रश्न तीस वर्षांपूर्वीं एका गृहस्थानें आमच्या तोंडावर टाकला होता आणि त्याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. तो प्रसंग मागाहून सांगूं. आधीं विषयाची मांडणी पाहूं.

संयुक्त राष्ट्रसंघाची सनद १९४५ सालीं तयार झाली. तिचा आठवा अध्याय या एकाच विषयास वाहिलेला असून त्यांत ५२, ५३ व ५४ अशीं तीनच कलमें आहेत. पहिल्याचा आशय असा कीं, स्थानिक तंटे सुरक्षा समितीकडे नेण्यापूर्वीं त्या त्या प्रदेशांतील संघटनेच्या द्वारें सामोपचारानें मिटविण्याचा यत्न करावा. दुसऱ्याचा आशय असा कीं, बळाचा प्रयोग करणें झाल्यास सुरक्षा समितीच्या अनुज्ञेवांचून करूं नये. तिसऱ्याचा असा कीं, जें जें केलें किंवा योजिलें तें तें समितीस वेळोवेळीं कळवीत असावें. आपल्या एकत्र कुटुंबाच्या रीतीहून ही रीत फारशी निराळी नाहीं. भावाभावांची समजूत घरांतल्या घरांत घालावी, कोणास शासन करणें झालें तर कर्त्या पुरुषास विचारावें, आणि घडलेलें त्याच्यापासून लपवूं नये, एवढेंच तींत सांगितलें आहे. परंतु कर्ता पुरुषच अन्य व्यापांत गुंतलेला असेल आणि माजघरांत डोकीं फुटूं लागलीं असतील तर काय करावें, हें मात्र सनदेंत कोठेंही लिहिलेलें नाहीं.

आमच्या कौटिल्यानें शेजाऱ्याविषयीं फारसें गोड लिहिलेलें नाहीं, हें संस्कृतज्ञ वाचकांस ठाऊकच आहे. त्याच्या द्वादशराजमंडलांत ज्याची सीमा आपल्या सीमेस लागलेली तो स्वभावतः ‘अरि’ आणि त्याच्या पलीकडचा तो ‘मित्र’. अर्थात् सर्वच शेजारी शत्रु नव्हेत, कांहीं मित्रभावानें वागणारेही असतात, असें तोच अन्यत्र सांगतो. परंतु आमच्या प्रस्तुत विषयास त्या मंडलांतील दोन पदें विशेष उपयोगी आहेत. एक ‘मध्यम’, म्हणजे दोन्ही पक्षांच्या सीमेस लागून असलेला आणि दोघांनाही हात देण्यास किंवा आवरण्यास समर्थ असा राजा. दुसरा ‘उदासीन’, म्हणजे या सर्वांच्या बाहेर राहणारा व सर्वांहून बलवान् असा राजा. मध्यमास सामर्थ्य आहे, माहिती आहे, पण स्वार्थही आहे. उदासीनास स्वार्थ कमी, पण त्यास तितकी आंचही नसते. प्रादेशिक संघटना ही मध्यमाच्या जागीं आहे आणि राष्ट्रसंघ उदासीनाच्या जागीं, असें समजून पुढील हकीकत वाचावी.

पश्चिम आफ्रिकेंत अटलांटिक महासागराच्या कांठीं लायबेरिया नांवाचा लहानसा देश आहे. अमेरिकेंतून परत आणलेल्या मुक्त गुलामांनीं वसविलेल्या या वसाहतीनें १८४७ सालीं आपलें स्वातंत्र्य पुकारलें. तेथें १९८० च्या एप्रिलांत सॅम्युएल डो नांवाच्या एका सार्जंटानें अध्यक्ष टॉल्बर्ट यांस ठार करून सत्ता बळकाविली. पुढें १९८९ च्या डिसेंबरांत, नाताळच्या आदल्या दिवशीं, चार्ल्स टेलर याचे लोक आयव्हरी कोस्टच्या बाजूनें सीमा ओलांडून आंत शिरले आणि सहा महिन्यांत राजधानी मन्रोव्हियाच्या वेशीवर येऊन ठेपले. १९९० च्या जुलैंत सरकारी सैनिकांनीं राजधानींतील एका ल्यूथरपंथी चर्चमध्यें आश्रय घेतलेल्या सुमारें ६०० स्त्रीपुरुषांस व बालकांस मारून टाकलें. त्या देशाची लोकसंख्या तेव्हां पुरती पंचवीस लाखही नव्हती.

जगाचा कर्ता पुरुष त्या वेळीं कोठें होता? २ ऑगस्ट १९९० रोजीं इराकनें कुवेत गिळंकृत केलें आणि सर्वांचे डोळे तिकडे लागले. लायबेरियाच्या प्रश्नावर सुरक्षा समितीची पहिली बैठक भरली ती १९९१ च्या जानेवारींत. मध्यंतरीं शेजाऱ्यांनीं हालचाल केली. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांचा ‘इकोवास’ नांवाचा आर्थिक समुदाय मे १९७५ मध्यें लागोस येथील करारानें स्थापन झाला होता. त्याचा मूळ हेतु व्यापार व दळणवळण हा होता. यादवी शमविणें हा नव्हे. संरक्षणविषयक करार १९७८ व १९८१ सालीं झाले होते खरे, पण फौज अशी उभी नव्हती. तरीही ७ ऑगस्ट १९९० रोजीं समुदायाच्या मध्यस्थ समितीनें सैन्य धाडण्याचा निर्णय घेतला, आणि २४ ऑगस्ट रोजीं नायजेरिया, घाना, गिनी, सिएरा लिओन व गांबिया या पांच देशांचे सुमारें ३,००० सैनिक मन्रोव्हियाच्या बंदरांत उतरले. या सैन्यास ‘इकोमॉग’ असें नांव पडलें. सुरक्षा समितीची पूर्वानुज्ञा घेतलेली नव्हती. समितीनें मागाहून संमतिदर्शक मान हालविली.

या सैन्यानें काय साधलें? राजधानी टेलरच्या हातीं पडूं दिली नाहीं, बंदर उघडें ठेविलें, भुकेल्या शहरांत धान्य येऊं दिलें. आणि काय बिघडविलें? पहिल्याच पंधरवड्यांत, ९ सप्टेंबर रोजीं, अध्यक्ष डो हे बंदरांतील या सैन्याच्या ठाण्यावर आले असतां प्रिन्स जॉन्सन या बंडखोराच्या लोकांनीं त्यांस तेथूनच पकडून नेलें व हालहाल करून मारलें. शांतिसैनिकांच्या उंबरठ्यावरून पाहुणा पळविला गेला! त्यानंतर सेनापतिपद घानाकडून नायजेरियाकडे गेलें आणि तेथेंच राहिलें. माणसें बहुतेक नायजेरियाचीं, खर्चही बहुतांशीं तिचाच. मग शब्दही तिचाच. ज्याच्या हातीं ससा तो पारधी, ही म्हण आफ्रिकेंतही लागू पडते. टेलरचें म्हणणें असें कीं, नायजेरिया शांतीसाठीं आली नसून डोला वांचविण्यासाठीं आली. तिकडे आयव्हरी कोस्ट व बुर्किना फासो हे त्याच समुदायाचे सभासद टेलरच्या पाठीशीं होते. आयव्हरी कोस्टच्या वृद्ध अध्यक्षांची एक आश्रित कन्या टॉल्बर्टांच्या घरीं दिलेली होती आणि तिचा पति १९८० च्या धामधुमींत मारला गेला होता. सोयरिकीचें तें शल्य किती दूरवर सलत गेलें पाहा! सैनिकांनीं लुटालूटही केली. शहरांतील लोकांनीं ‘इकोमॉग’ या नांवाच्या आद्याक्षरांचा असा कडू अर्थ लाविला कीं, जी गाडी किंवा जी हलविण्याजोगी वस्तु दिसेल ती गेलीच म्हणून समजा. कुंपणानेंच शेत खाल्लें, असें आपण म्हणतों तेंच तें.

तह झाले आणि मोडले. शेवटीं जुलै १९९३ मध्यें कोतोनू येथें झालेल्या तहानंतर राष्ट्रसंघानें तीनशेंच्या आसपास निःशस्त्र निरीक्षक पाठविले. दुसऱ्या संघटनेच्या सैन्याच्या जोडीस राष्ट्रसंघानें आपलें पथक ठेवण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. १९ जुलै १९९७ रोजीं निवडणूक झाली आणि, वाचकांस आश्चर्य वाटेल, तींत शेंकडा ७५ मतें मिळवून टेलरच निवडून आला. याला निवडलें नाहीं तर पुन्हां युद्ध करील, ही भीतिच बऱ्याच अंशीं त्याची उमेदवारी होती. दोन वर्षांत युद्ध पुन्हां पेटलें. दोन्ही युद्धें मिळून सुमारें अडीच लाख जीव गेले असा अंदाज केला जातो.

येथें आम्ही आमची स्वतःची गोष्ट सांगतों, कारण तिच्यावांचून पुढचें म्हणणें पोकळ वाटेल.

आमच्या घराशेजारीं दोन सख्खे भाऊ राहत असत. वडील वारल्यावर वांटणी निघाली आणि मधल्या विहिरीवरून तंटा पेटला. त्या विहिरीवर आमच्याही घराची पूर्वापार पाणी भरण्याची वहिवाट होती. एके रात्रीं आरडाओरडा ऐकूं आला, बायकांचा आकांत कानीं पडला, आणि आम्ही कंदील घेऊन धांवलों. थोरल्यानें काठी उगारलेली होती. ती आम्हीं धरली. दोघांनाही आम्हीं लहानपणीं शिकविलें होतें, म्हणून काठी खालीं आली. त्या रात्रीं आळींत आमची वाहवा झाली आणि त्या वाहवेनें आम्ही चढलों. दुसऱ्या दिवशीं आम्ही पंच म्हणून बसलों आणि निवाडा दिला कीं, विहीर थोरल्याकडे असावी. थोरला आम्हांस पाणी भरूं देण्यास राजी होता. धाकटा त्याविषयीं मौन धरून होता. निवाडा ऐकतांच धाकटा उठला, नमस्कार केला आणि म्हणाला, “गुरुजी, काल रात्रीं आपण आलां नसतां तर एखाद्याचें डोकें फुटलें असतें, तो उपकार मी जन्मांत विसरणार नाहीं. पण आज आपण न्याय करतां आहां, कीं आपल्या घागरीची सोय पाहतां आहां?”

आम्हीं त्या वेळीं कांहींतरी रागानें बोललों. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मनाशीं कबूल करावें लागलें कीं, घागर आमच्या मनांत होती. ती आम्हीं मुद्दाम आणलेली नव्हती, पण ती नव्हतीच असें म्हणतां येईना. शेवटीं तीन कोसांवरच्या एका वृद्ध गृहस्थांस बोलावणें झालें. त्यांनीं त्या विहिरीचें पाणी कधींही प्यालेलें नव्हतें. त्यांनीं विहीर सामाईक ठेवून पाळ्या लावून दिल्या, आणि आमची पाळी सर्वांत शेवटीं ठेविली. तें योग्यच झालें.

आमच्या पूर्वजांस हें सर्व पूर्णपणें अवगत होतें. मराठेशाहींत वतनाचा तंटा गोतसभेपुढें चाले. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, मिरासदार हे सर्व गांवचेच, म्हणून त्यांस खरेंखोटें ठाऊक. परंतु ज्या पक्षास आपल्या गांवचें गोत एकतर्फी वाटे त्यास ‘परस्थळ’ मागतां येई, म्हणजे निवाडा दुसऱ्या ठिकाणच्या गोताकडे नेतां येई. तसेंच निवाडा होण्यापूर्वीं दोन्ही पक्षांकडून ‘राजीनामा’ लिहून घेत. हल्लीं या शब्दाचा अर्थ नोकरी सोडल्याचा कागद असा झाला आहे. तेव्हां तो ‘हा निवाडा मान्य करूं’ अशा राजीखुषीचा कागद होता. त्यावर जामीनही घेत. जाणता शेजारी, आवश्यक वाटल्यास परस्थळ, दोघांची संमति आणि जामीन, हीं त्या न्यायाचीं अंगें होतीं. त्यांतलें एखादें सुटलें कीं निवाडा कागदावरच राहावयाचा.

हें माप लायबेरियास लावून पाहिलें म्हणजे बरेंच उलगडतें. १९९० सालीं शेजारी धांवून गेले तें आमच्या कंदिलासारखें होतें आणि तें योग्य होतें, असें आम्हांस वाटतें. परंतु ज्यानें काठी धरली त्यानेंच पंच म्हणून बसावें, आणि तेंही त्याची घागर त्याच विहिरींत असतां, हें चुकलें. २००३ सालीं तेच शेजारी शहाणपणानें वागले. त्या उन्हाळ्यांत घानाची राजधानी आक्रा येथें वाटाघाटी चालू असतां पुढारी हॉटेलांत राहून दिवस ढकलीत होते आणि मन्रोव्हियांत तोफा चालू होत्या. तेव्हां लेमाह बोवी हिच्या नेतृत्वाखालीं पांढरीं वस्त्रें नेसलेल्या लायबेरियन स्त्रिया सभागृहाचें दार अडवून बसल्या आणि तह होईपर्यंत कोणासही बाहेर पडूं देणार नाहीं असें म्हणाल्या. पहारेकरी धरावयास आले तेव्हां बोवीनें अंगावरचीं वस्त्रें उतरविण्यास आरंभ केला. मातृस्थानीं असलेल्या स्त्रीस त्या स्थितींत पाहणें हा तिकडे घोर शाप समजतात. पहारेकरी मागें सरले. १८ ऑगस्ट रोजीं तह झाला. त्याच्या आठवडाभर आधींच टेलरनें सत्ता सोडून नायजेरियांत आश्रय घेतला होता. इकोवासचे सुमारें ३,५०० सैनिक ऑगस्टच्या आरंभीं राजधानींत उतरले होते. १ ऑक्टोबर २००३ रोजीं त्याच सैनिकांनीं डोक्यावर निळीं शिरस्त्राणें चढविलीं आणि ते राष्ट्रसंघाचे सैनिक झाले. काठी शेजाऱ्यानें धरली, पंचाची गादी परस्थळास दिली. २००५ च्या निवडणुकींत एलेन जॉन्सन सर्लीफ या निवडून आल्या, आणि मार्च २०१८ मध्यें राष्ट्रसंघाचें पथक तेथून परत गेलें. बोवी व सर्लीफ या दोघींस येमेनच्या तवक्कुल कर्मान यांजबरोबर २०११ चें नोबेल शांतिपारितोषिक मिळालें. टेलर याजवर, शेजारच्या सिएरा लिओनमधील अत्याचारांस साह्य केल्याबद्दल, खास न्यायालयापुढें खटला चालून २०१२ सालीं त्यास ५० वर्षांची शिक्षा झाली.

या कथेंत आपल्या देशाचाही एक दुवा आहे आणि तो आमच्या भगिनीवाचकांस विशेष आनंद देईल. जानेवारी २००७ मध्यें भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलांतील शंभरांहून अधिक स्त्रियांची तुकडी लायबेरियांत दाखल झाली. राष्ट्रसंघाच्या इतिहासांतली ही केवळ स्त्रियांची पहिली सशस्त्र पोलीस तुकडी होय. वर्षावर्षानें माणसें बदलत ती २०१६ पर्यंत तेथें राहिली. बंदूक घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीचा पहारा करणारी स्त्री रोज दृष्टीस पडूं लागल्यावर लायबेरियन मुलीही पोलिसांत नांव घालूं लागल्या.

भारत शेजाऱ्याच्या नात्यानें एकटा गेला तेव्हांची कथा मात्र निराळी आहे. २९ जुलै १९८७ च्या करारान्वयें आपली शांतिसेना श्रीलंकेंत गेली. दोन पक्षांमध्यें उभें राहण्यासाठीं गेलेली ती सेना ऑक्टोबरांत एका पक्षाशींच लढूं लागली. १९९० च्या मार्चमध्यें ती परतली तेव्हां आपले अकराशेंहून अधिक जवान कामीं आले होते आणि तिकडचे सिंहली व तामिळ दोघेही आपल्यावर रुष्ट झाले होते. त्या जवानांच्या शौर्याविषयीं शंका घेणें हें पाप होय. परंतु ज्या वाघांशीं लढावें लागलें त्यांनीं त्या करारावर सही केलेलीच नव्हती, म्हणजे राजीनामा दोन्ही पक्षांचा नव्हता. आणि सोबत परस्थळाचाही कोणी नव्हता, ही गोष्ट लपत नाहीं.

आतां दोन अलीकडचीं उदाहरणें पाहूं. गांबिया हा तिन्ही बाजूंनीं सेनेगलनें वेढलेला चिमुकला देश. १ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकींत बावीस वर्षें सत्तेवर असलेले याह्या जामे हरले. प्रथम त्यांनीं पराभव मान्य केला, परंतु आठवडाभरांतच शब्द फिरविला. इकोवासनें मध्यस्थ पाठविले, त्यांत सर्लीफबाईही होत्या. निवडून आलेले अदामा बॅरो यांचा शपथविधि १९ जानेवारी २०१७ रोजीं सेनेगलमधील गांबियाच्या वकिलातींत झाला. त्याच दिवशीं सुरक्षा समितीनें इकोवासला पाठिंबा देणारा ठराव केला. त्याच दिवशीं सैन्य सीमेपार गेलें. २१ तारखेस जामे देश सोडून गेले. लढाई म्हणावी अशी झालीच नाहीं. येथें शेजाऱ्यांनीं निवाडा केला नाहीं हें ध्यानांत घ्यावें. निवाडा गांबियाच्या मतदारांनीं आधींच दिलेला होता. शेजारी केवळ जामीन म्हणून उभे राहिले.

उलट उदाहरण नायजरचें. २६ जुलै २०२३ रोजीं तेथें सैन्यानें अध्यक्ष बझूम यांस कैद केलें. इकोवासनें चार दिवसांत आठवड्याची मुदत दिली, सैन्य पाठविण्याचा धाक घातला, सीमा बंद केल्या, आणि नायजेरियानें वीजही तोडली. मुदत संपली, सैन्य गेलें नाहीं. माली व बुर्किना फासो येथेंही सैन्याचेंच राज्य होतें. त्यांनीं नायजरची बाजू घेतली आणि त्या तिघांनीं सप्टेंबरांत आपला निराळा गट बांधला. २९ जानेवारी २०२५ पासून ते तिघेही समुदायाच्या बाहेर पडले. पंधरांचे बारा राहिले. उगारलेला आणि न मारलेला हात हा मारलेल्या हाताहूनही कधीं कधीं अधिक महाग पडतो. शाळेंत आम्हीं हें पुष्कळदां अनुभविलें आहे. आणि वीज तोडली तेव्हां अंधार सेनापतींच्या घरीं पडला नाहीं, गरिबांच्या घरीं पडला, हेंही त्या लोकांच्या लक्षांत राहिलें असेल.

तात्पर्य आमच्या मतें असें. शेजाऱ्यांच्या संघटनेस हाणामारी थांबविण्याचा अधिकार आहे, किंबहुना तें तिचें कर्तव्य आहे. कारण उदासीनास पोहोंचावयास वेळ लागतो आणि तोंवर चर्चांतलीं माणसें मरतात. निवाडा करण्याचा अधिकार मात्र तिनें एकटीनें घेऊं नये. त्यांत परस्थळाचा माणूस हवा. खर्च एकट्या श्रीमंत भावाच्या थैलींतून होऊं नये. इकोवासनें बाहेरून येणाऱ्या मालावर शेंकडा अर्धा असा सामाईक कर बसविला, त्याचें मर्म हेंच कीं सर्वांचा पैसा असला म्हणजे सर्वांचा शब्द राहतो. आणि ज्या देशांत तंटा, तेथील लोकांस, विशेषतः स्त्रियांस, दाराबाहेर बसवून तह लिहूं नये. त्या दार अडवून बसतात तेंच बरें.

हें सर्व आम्हीं नातीस सांगितलें. तिनें वहींत टिपून घेतलें, आणि मग पेन थांबवून म्हणाली, “म्हणजे अण्णाआजोबा, पहिल्या रात्रीं आपण गेलां तें बरोबर, दुसऱ्या दिवशीं बसलां तें चूक.”

“होय,” आम्हीं म्हटलें.

“आणि आळींतले जे पहिल्या रात्रीं आलेच नाहींत ते?”

आम्ही निरुत्तर झालों. त्या रात्रीं आळींत आणखी सात घरें जागीं होतीं. त्यांच्यापैकीं कोणाची घागर त्या विहिरींत नव्हती, म्हणून कोणी त्यांस पुढें दोषही दिला नाहीं. पक्षपाताचा डाग आमच्या अंगास लागला, कारण आम्ही घराबाहेर पडलों. दारें लावून बसलेल्यांचे अंगरखे शुभ्र राहिले. आपल्या स्वतःच्या दक्षिण आशियाचीच गोष्ट घ्या. १९८५ सालीं ढाका येथें सार्क ही संघटना स्थापन झाली, तेव्हां तिच्या सनदेच्या दहाव्या कलमानें द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळून टाकण्यांत आले. त्यामुळें सभेंत भांडण झालें नाहीं हें खरें, पण भांडण मिटविण्याचें साधनही हातीं राहिलें नाहीं; आणि २०१४ च्या काठमांडूच्या परिषदेनंतर तिची शिखरपरिषदच भरलेली नाहीं. याचा दोष कोणाकडे किती, हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. आमचीही घागर त्याच विहिरींत आहे.

परंतु एवढें मात्र आमच्या वाचकांनीं, आणि विशेषतः ज्यांच्या घरीं दोन-चार बिऱ्हाडें एका भिंतीआड नांदतात त्यांनीं, मनाशीं ठेवावें. शेजारून आकांत ऐकूं आला तर कंदील घेऊन निघावें. आपल्यावर पक्षपाताचा आरोप येईल या भयानें दार लावूं नये. मात्र हातची काठी एकदां खालीं आली म्हणजे आपण पंचाच्या गादीवर बसण्याची घाई न करितां, तीन कोसांवरच्या त्या वृद्ध गृहस्थांस निरोप धाडावा. धाकटे भाऊ आतां राहिले नाहींत. त्यांचा मुलगा त्या विहिरीवर पंप बसवितांना आम्हांस विचारून गेला. पाळी अजून शेवटचीच आहे.

नातीनें आपला शेवटचा प्रश्न निबंधाच्या शिरोभागीं घालावा असें आम्हीं तिला सुचविलें आहे. उत्तर तिच्या पिढीनें शोधावें. इत्यलम्.